बेकारी भत्ता आणि सव्वीसचा भागाकार

२०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात टाळेबंदीमुळे लाखो लोकांचं काम सुटलं होतं आणि बेकारी भत्त्याच्या अर्जांचा ढीग साचला होता. त्याच दिवसांत, नोकरी शाबूत असलेल्या माणसांच्या घरी ‘तुमचा भत्ता मंजूर झाला आहे’ अशी पत्रं येऊ लागली. त्यांनी अर्ज केलेलाच नव्हता. चोरलेले सामाजिक सुरक्षा क्रमांक वापरून, नायजेरियातून चालणाऱ्या एका टोळीने आणि तिच्यासारख्या इतरांनी त्यांच्या नावाने अर्ज भरले होते. राज्याचे सुमारे ६५ कोटी डॉलर गेले. त्यातले निम्म्याहून थोडे अधिक नंतर परत मिळाले.

चोरीचा माग लागला तो बँक खात्यांवरून. एकाच खात्यात अनेक वेगवेगळ्या नावांचे भत्ते जमा होत होते आणि त्या नावांचा खातेदाराशी काही संबंध नव्हता. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने मे २०२० मध्ये दिलेल्या इशाऱ्यात नेमकं हेच लक्षण सांगितलं होतं. मग पैसे जमा होतानाच ते कुणाला कसं दिसलं नाही? कारण तिथल्या बँकांमधल्या नेहमीच्या व्यवहारप्रणालीत रक्कम खाते क्रमांक पाहून जमा होते. सोबत पाठवलेलं नाव खातेदाराच्या नावाशी जुळतं का, हे पाहण्याचं बंधन पैसे घेणाऱ्या बँकेवर नसतं. आपल्याकडे एनईएफटीची रीतही हीच होती. नाव आपण काळजीपूर्वक लिहायचो, पैसे मात्र क्रमांकाच्या भरवशावर जायचे. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलं आणि पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत करायला बँकांना सांगितलं.

महासाथीनंतर अमेरिकेतल्या राज्यांना हीच तपासणी भत्त्यासाठी उपलब्ध झाली. राज्यांच्या रोजगार खात्यांच्या राष्ट्रीय संघटनेमार्फत चालणाऱ्या सामाईक डेटा केंद्राकडे विचारणा करता येते: हे खातं चालू आहे का, आणि ते अर्जदाराचंच आहे का? हा वापर मला मनापासून पटतो. पैसे अजून तिजोरीत असतात. प्रश्न लहान असतो आणि त्याचं उत्तर बँकेपाशी खरोखरच असतं. उत्तर ‘नाही’ आलं तरी त्यावरून कुणी चोर ठरत नाही. नवऱ्याच्या खात्यात भत्ता मागणारी बायको असू शकते, आकडा चुकलेला असू शकतो. विचारलं की उलगडा होतो.

असं काही त्या वेळी हाताशी असतं तर किती वाचलं असतं, याचा अंदाज एका आकड्यावरून येतो. अमेरिकी संसदेसाठी सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या ‘जीएओ’ या संस्थेने सप्टेंबर २०२३ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार, महासाथीच्या काळातल्या बेकारी भत्त्यात १०० ते १३५ अब्ज डॉलरची फसवणूक झाली. मार्च २०२० च्या कायद्याने एरवी भत्ता न मिळणाऱ्या स्वयंरोजगारी लोकांसाठीही दार उघडलं होतं, आणि ते योग्यच होतं. पण सुरुवातीला उत्पन्नाचा पुरावा न मागता अर्जदाराच्या शब्दावरच पैसे दिले गेले आणि मागच्या तारखेपासूनचा भत्ताही एकरकमी मिळत होता. टोळ्यांना याहून सोयीचं काय असणार?

दुसरा प्रश्न मात्र इतका सरळ नाही. अर्जदार खरा आहे, खातंही त्याचंच आहे. पण ज्या आठवड्याचा भत्ता तो घेतो आहे, त्या आठवड्यात तो खरोखर बेकार होता का?

अमेरिकेत भत्ता आठवड्याच्या हिशेबाने मिळतो आणि मालक मात्र कामगारांचे पगार राज्याला दर तिमाहीला कळवतात. तिमाहीत तेरा आठवडे. पगाराचा आकडा सांगतो की जानेवारी ते मार्चमध्ये या माणसाने इतके डॉलर कमावले. कोणत्या आठवड्यात कमावले हे तो सांगत नाही. मार्चमध्ये नोकरी लागलेल्या माणसाने जानेवारीत घेतलेला भत्ता पूर्ण हक्काचा असतो. ही फट थोडी बुजवते ती नव्या नेमणुकांची राष्ट्रीय नोंदवही. १९९६ च्या कायद्याने ती सुरू झाली, आणि तीही मुलांचा पोटगीखर्च टाळणाऱ्या पालकांना शोधण्यासाठी. नवा माणूस कामावर घेतला की वीस दिवसांच्या आत मालकाने कळवायचं असतं. राज्यं ही यादी भत्ता घेणाऱ्यांच्या यादीशी ताडून पाहतात आणि नोकरी लागूनही भत्ता घेणारे लवकर सापडतात. त्यातले सगळेच लबाड नसतात. काम ज्या आठवड्यात केलं त्या आठवड्यात ते कळवायचं, असा नियम आहे. पुष्कळ लोक पगार हातात पडल्यावर कळवतात. पहिला पगार पडायला दोन आठवडे लागतात आणि तेवढ्या दोन आठवड्यांचा भत्ता जादा जातो. वेळेवर लक्षात आलं तर रक्कम लहान असते, फेडता येते. म्हणून या कामात लवकर कळण्याला फार मोल आहे.

आता ऑस्ट्रेलिया. तिथे भत्ता पंधरवड्याने मिळतो आणि त्या पंधरवड्याची कमाई लाभार्थीने स्वतः कळवायची असते. करखात्याकडे मात्र तेव्हा वर्षाचा आकडा असायचा. दोन्ही आकडे आधीही ताडून पाहिले जायचे, पण तफावत दिसली की कर्मचारी चौकशी करायचे, मालकाकडून पगाराचा तपशील मागवायचे. २०१५ मध्ये सरकारने ठरवलं की हे काम यंत्राने करायचं. लाभार्थीने जुना तपशील दिला नाही तर वर्षाच्या कमाईला सव्वीसने भागायचं आणि प्रत्येक पंधरवड्याला तेवढी कमाई होती असं धरायचं. लोकांनी या योजनेला ‘रोबोडेट’ म्हटलं.

हा भागाकार करून पाहू. समजा, एखाद्या बाईने वर्षातले पहिले तेरा पंधरवडे काम केलं आणि दर पंधरवड्याला २,००० डॉलर मिळवले. मग नोकरी गेली. उरलेले तेरा पंधरवडे तिने भत्ता घेतला आणि दर वेळी कमाई शून्य कळवली. एक अक्षरही खोटं नाही. करखात्याकडे तिची वर्षाची कमाई २६,००० डॉलर आहे. सव्वीसने भागले की दर पंधरवड्याला १,००० डॉलर. म्हणजे यंत्राच्या लेखी, भत्ता घेत असताना ती दर पंधरवड्याला हजार डॉलर कमावत होती आणि ते लपवत होती. घेतलेल्या भत्त्याची वसुली निघते.

अशी सुमारे ४,७०,००० देणी लोकांच्या माथी मारली गेली. देणं नाही हे सिद्ध करण्याचं ओझं लाभार्थीवर होतं, तेही कित्येक वर्षांपूर्वीच्या पगारपावत्या शोधून. हंगामी कामं करणाऱ्या, बंद पडलेल्या हॉटेलांत राबलेल्या लोकांनी त्या कुठून आणायच्या? वसुलीसाठी खासगी एजन्सीही लावल्या गेल्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारने न्यायालयात मान्य केलं की केवळ सरासरीवर काढलेलं देणं कायद्याला धरून नव्हतं. मे २०२० मध्ये ७२ कोटी डॉलर परत करण्याची घोषणा झाली. पुढे चौकशी आयोग बसला. ज्यांच्या मुलांनी आत्महत्या केली होती अशा दोन आयांनी त्याच्यापुढे साक्ष दिली. क्वीन्सलँडच्या माजी मुख्य न्यायमूर्ती कॅथरिन होम्स यांनी जुलै २०२३ मधल्या अहवालात या योजनेला ओबडधोबड आणि क्रूर म्हटलं. ती न्याय्य नव्हती आणि कायदेशीरही नव्हती, असा निष्कर्ष काढला. सरासरी काढायची तर कायदा बदलावा लागेल, असा सल्ला सरकारच्याच विधिज्ञांनी २०१४ मध्ये दिला होता, हेही त्यात आलं. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचा अनुभव याच्याच शेजारचा. ऑक्टोबर २०१३ मध्ये तिथे ‘मायडास’ नावाची संगणकप्रणाली आली. तिमाहीचा पगार आठवड्यांवर सारखा पसरून ती तफावत शोधायची. लाभार्थीला प्रश्नावली जायची, पुष्कळदा त्याने कित्येक महिने न उघडलेल्या ऑनलाइन खात्यात. दहा दिवसांत उत्तर आलं नाही की फसवणूक सिद्ध. मूळ रकमेच्या चौपट दंड, वर व्याज, पगारातून आणि कर-परताव्यातून कपात. सुमारे ४०,००० लोक यात सापडले. माणसाचा हात न लागता यंत्राने एकट्याने दिलेले २२,००० हून अधिक निकाल राज्याने पुन्हा तपासले, तेव्हा त्यातले ९३ टक्के चुकीचे निघाले.

यावर एक उत्तर नेहमी दिलं जातं: आकडे जुने होते, ताजे आकडे आणा. ब्रिटनने ते केलं. २०१३ पासून तिथले मालक प्रत्येक पगाराला करखात्याला कळवतात आणि ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ हा भत्ता त्यावरून महिन्याच्या महिन्याला ठरतो. व्यवस्था चांगली आहे, आणि तरीही चार नोकरदार एकट्या आयांना न्यायालयात जावं लागलं. त्यांचा पगार महिनाअखेरीला होत असे. शेवटचा दिवस शनिवार-रविवारी आला की मालक तो आधीच जमा करायचा. मग भत्त्याच्या एका महिन्यात दोन पगार दिसायचे आणि दुसऱ्यात एकही नाही. भत्ता भलताच वरखाली व्हायचा. जून २०२० मध्ये अपील न्यायालयाने हा हिशेब तर्काला सोडून असल्याचं ठरवलं. आकडा अगदी ताजा होता, खरा होता. तो कोणत्या महिन्याचा, हे यंत्राला कळत नव्हतं.

उलट्या बाजूची घाईही महाग पडते. चोरी लक्षात आल्यावर कॅलिफोर्नियाने २०२० च्या अखेरीस दहा लाखांहून अधिक संशयास्पद अर्जांचे पैसे रोखले. विधिमंडळाच्या विश्लेषण कार्यालयाने २०२२ मध्ये सांगितलं की त्यातले निम्म्याहून जास्त अर्ज खरे होते. भाडं थकलेल्या घरात महिनोन्‌महिने भत्त्याची वाट पाहणारी ती माणसं चोरांच्या यादीत उभी होती. त्यांनी आपल्या ओळखीचे कागद पुन्हापुन्हा पाठवले.

आता ब्रिटनमध्येच पुढचं पाऊल पडतं आहे. २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने, युनिव्हर्सल क्रेडिटसह काही भत्ते ज्या खात्यांत जमा होतात त्यातली नियमात न बसणारी खाती बँकांनी सरकारला कळवायची आहेत. युनिव्हर्सल क्रेडिटसाठी बचतीची मर्यादा १६,००० पौंड आहे. शिल्लक त्याहून जास्त दिसली की खूण. व्यवहारांचा तपशील सरकारला दिसणार नाही आणि निव्वळ खुणेवरून कुणी दोषी ठरणार नाही, निर्णय माणूसच घेईल, असं आश्वासन मंत्र्यांनी दिलं आहे. शिल्लक वाढण्याची कारणं अनेक असतात. नुकतंच घर विकलेलं असतं, अपघाताची भरपाई आलेली असते, म्हाताऱ्या आईचे पैसे मुलीच्या खात्यात ठेवलेले असतात. त्यातल्या काही रकमा नियमाप्रमाणे बचतीत धरायच्याच नसतात. बँकेच्या आकड्यात हे काहीच लिहिलेलं नसतं, ते खातेदारालाच विचारावं लागतं. त्यामुळे खूण झाल्यावर पहिलं पत्र कसं जाणार, ‘ही रक्कम कशाची आहे ते कळवा’ असं की ‘तुमच्याकडून इतकं येणं आहे’ असं, आणि उत्तर मिळेपर्यंत त्या घरातला भत्ता चालू राहणार का, हे मी बारकाईने पाहणार आहे.