सहा हजार वर्षांची पृथ्वी

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात विल्यमस्टाउन गावाजवळ 510 फूट लांबीचे एक लाकडी तारू उभे आहे. बायबलमधल्या नोहाने जलप्रलयातून माणसे आणि प्राणी वाचवले, त्या तारवाची ही प्रतिकृती 2016 साली लोकांसाठी खुली झाली. ती उभारली ‘आन्सर्स इन जेनेसिस’ या संस्थेने. मूळचे ऑस्ट्रेलियाचे केन हॅम तिचे संस्थापक. त्यांचे सांगणे असे की पृथ्वी जेमतेम 6,000 वर्षांची आहे, देवाने ती सहा दिवसांत घडवली आणि खडकांचे बहुतेक थर व त्यांतले जीवाश्म वर्षभराच्या त्या एका प्रलयात तयार झाले. भूविज्ञान पृथ्वीचे वय सुमारे 454 कोटी वर्षे मानते. कोणी हे श्रद्धा म्हणून मनात बाळगले तर वाद घालण्याचे कारण नाही. पण असे मानणारे, म्हणजे निर्मितीवादी, तिथे थांबत नाहीत. आपले म्हणणे विज्ञानाच्या कसोटीला उतरते, असे ते सांगतात. मग कसोटी लावायलाच हवी, आणि त्यासाठी त्यांच्या विरोधकांकडे जाण्याचीही गरज नाही. त्यांनी स्वतः केलेले संशोधन पुरेसे आहे.

आधी थोडा इतिहास, कारण धर्म विरुद्ध विज्ञान असा हा सरळ सामना असल्याचा समज दोन्ही बाजूंनी पसरवला जातो. बायबलमधल्या वंशावळींवरून आर्चबिशप जेम्स अशर यांनी 1650 साली सृष्टीच्या निर्मितीचे वर्ष इसवी सनपूर्व 4004 असे काढले. पुढे खडकांचा अभ्यास सुरू झाला तेव्हा प्रलयाची कल्पना मागे टाकणाऱ्यांत धर्मगुरूच होते. केंब्रिजचे भूवैज्ञानिक ॲडम सेजविक हे दीक्षित धर्मोपदेशक. त्यांनी 1831 साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे आपले आधीचे प्रलयाविषयीचे मत जाहीरपणे मागे घेतले. आजची निर्मितीवादी चळवळ विसाव्या शतकातली आहे, आणि तिला खरे बळ मिळाले ते 1961 साली जॉन व्हिटकॉम आणि हेन्री मॉरिस यांचे ‘द जेनेसिस फ्लड’ हे पुस्तक निघाल्यावर.

आता त्यांचे संशोधन. ‘इन्स्टिट्यूट फॉर क्रिएशन रिसर्च’ आणि ‘क्रिएशन रिसर्च सोसायटी’ या दोन निर्मितीवादी संस्थांनी 1997 साली ‘रेट’ नावाचा प्रकल्प हाती घेतला. त्यांना मोडून काढायचे होते ते किरणोत्सर्गी कालमापन. खडकातल्या युरेनियमचे ठरावीक वेगाने शिसे होत जाते. युरेनियम किती उरले आणि शिसे किती झाले हे मोजले की खडकाचे वय निघते. 2005 साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांत कबुली होती की आजच्या वेगाने 50 कोटींहून अधिक वर्षे लागावीत इतका क्षय खडकांत खरोखर झालेला आहे. म्हणजे मोजमापात खोट नव्हती. इथे कोणीही आपल्या गृहीतकाकडे पुन्हा वळून पाहिले असते. त्यांनी गृहीतक जागेवर ठेवले आणि निसर्गाचा नियम हलवला: सृष्टीच्या पहिल्या आठवड्यात आणि प्रलयाच्या वर्षात क्षयाचा वेग प्रचंड वाढला असला पाहिजे! पण क्षय होताना उष्णता निघते. कोट्यवधी वर्षांत हळूहळू निघायची ती उष्णता वर्षभरात बाहेर पडली असती, तर खडक वितळले असते आणि ज्या पाण्यावर तारू तरंगायचे त्याची वाफ झाली असती. ही अडचण त्यांनी स्वतःच नोंदवली आहे. नोहाच्या आणि जनावरांच्या अंगातल्या किरणोत्सर्गी पोटॅशियमचे काय, हाही प्रश्न त्यांना सोडवता आलेला नाही.

पूर्वी वेग वेगळा नव्हता कशावरून, हा प्रश्न मात्र रास्त आहे. केन हॅम तर मुलांना विज्ञानशिक्षकांना विचारायला शिकवतात, ‘तुम्ही तिथे होता का?’ याचे उत्तर आकाशात सापडते. फेब्रुवारी 1987 मध्ये शेजारच्या एका छोट्या दीर्घिकेत ताऱ्याचा स्फोट झालेला दिसला. तो तारा सुमारे 1 लाख 68 हजार प्रकाशवर्षे दूर आहे; प्रकाश इथे पोचायला तितकी वर्षे लागली. स्फोटात किरणोत्सर्गी कोबाल्ट तयार झाले होते आणि त्याच्या क्षयावर त्या ताऱ्याची मंदावत जाणारी चमक अवलंबून होती. प्रयोगशाळेत हे कोबाल्ट 77 दिवसांत निम्मे होते. ताऱ्याची चमकही त्याच हिशेबाने उतरत गेली. दीड लाखाहून अधिक वर्षांपूर्वी क्षयाचा वेग आजच्याइतकाच होता, हे माणसाने दुर्बिणीतून पाहिले. देवाने तो प्रकाश वाटेतच निर्माण केला असे म्हटले, तर त्याने कधी न झालेला स्फोट आपल्याला दाखवला असे म्हणावे लागेल. श्रद्धावान माणसालाही हे पटू नये.

दुसरा आक्षेप सेंट हेलेन्स ज्वालामुखीचा. तिथला 1980च्या दशकात थिजलेला खडक निर्मितीवादी भूवैज्ञानिक स्टीव्ह ऑस्टिन यांनी पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने तपासून घेतला आणि वय आले साडेतीन लाख वर्षे. ऐकायला हे बिनतोड वाटते. पण ही पद्धत फार जुन्या खडकांसाठी आहे, आणि इतक्या कोवळ्या नमुन्याचे मोजमाप विश्वासार्ह नसते. ट्रकच्या वजनकाट्यावर चिमूटभर जिरे ठेवून काटा खोटा ठरवण्यासारखे हे झाले. शिवाय खडकात आधीच घट्ट झालेले जुने स्फटिकही मिसळलेले असतात.

त्यापेक्षा सह्याद्रीचा कातळ पाहावा. घाटात रस्ता कापताना उघड्या पडलेल्या काळ्या बेसाल्टमध्ये मधूनमधून विटकरी मातीचे पट्टे दिसतात. लाव्हाचा एक थर थंड झाला, उन्हापावसात झिजून त्यावर माती धरली, मग पुढचा थर आला. वर्षभर पाण्याखाली राहिलेल्या जमिनीवर असे पट्टे एकावर एक तयार होत नाहीत. यांतल्या काही पट्ट्यांत ज्वालामुखीच्या राखेसोबत पडलेले झिरकॉनचे बारीक स्फटिक मिळाले. त्यांचे वय युरेनियम-शिसे पद्धतीने निघाले, बेसाल्टचे आर्गॉन पद्धतीने. मूलद्रव्ये वेगळी, क्षयाचे प्रकार वेगळे, प्रयोगशाळा वेगळ्या. उत्तर दोन्हींकडे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षे. दोन्ही घड्याळे चुकली म्हणायचे, तर ती नेमकी एकाच मापाने का चुकली हेही सांगावे लागेल.

ते सांगण्याची निकड या मंडळींना वाटत नाही, आणि माझ्या मते सगळ्या वादाचे मूळ इथे आहे. बायबलशी विसंगत असलेला कोणताही पुरावा मुळातच ग्राह्य नाही, असे हॅम यांच्या संस्थेच्या श्रद्धापत्रकातच नमूद आहे. 4 फेब्रुवारी 2014 रोजी विज्ञानप्रसारक बिल नाय यांच्याशी हॅम यांचा जो जाहीर वाद झाला त्यात दोघांनाही ‘तुमचे मत कशाने बदलेल?’ असे विचारले गेले. नाय यांचे उत्तर होते पुरावा. देवाचे वचन खोटे आहे हे आपल्याला कोणीच पटवू शकणार नाही, असे हॅम म्हणाले. हार्वर्डमध्ये शिकलेले जीवाश्मशास्त्रज्ञ कर्ट वाइज तर विश्वातला सगळा पुरावा विरुद्ध गेला तरी आपण निर्मितीवादीच राहू, असे मोकळेपणाने लिहून गेले आहेत. त्या प्रांजळपणाचा मला आदर वाटतो. ज्याला ही भूमिका घ्यायची त्याने ती घ्यावी, पण मग प्रयोगशाळेचा दाखला देऊ नये.

हा दाखला शाळेत पोचतो, म्हणून एवढे खोलात जावे लागते. 1981 साली आर्कान्सा राज्याने ‘निर्मितीविज्ञान’ उत्क्रांतीच्या बरोबरीने शिकवण्याचा कायदा केला. त्याविरुद्ध कोर्टात गेलेल्यांत पहिले नाव होते मेथडिस्ट धर्मगुरू विल्यम मॅक्लीन यांचे, आणि त्यांच्यासोबत कॅथलिक, एपिस्कोपल व मेथडिस्ट बिशप होते. 5 जानेवारी 1982 रोजी न्यायाधीश विल्यम ओव्हरटन यांनी हे विज्ञान नव्हे असा निकाल देऊन कायदा रद्द केला.