पिकअप गेला कुठे?

तुमच्या ग्रुपमध्ये असा एक तरी असेलच. जन्म २००० नंतरचा, पण जीव अडकलाय १९९६ साली बंद झालेल्या गाडीत. आमच्यातल्या त्या प्राण्याकडे मामाची यामाहा आरएक्स १०० आहे. भाच्याला चावी देताना मामाने एकच अट घातली, "विकायची नाही." इंजिन बदलायचं नाही, असं कुठे म्हणाला? हा आमच्या मित्राचा युक्तिवाद.

मूळ इंजिन खरंच थकलं होतं. मग दिवाळीच्या सुट्टीत डिलिव्हरी करून जमवलेले पैसे घेऊन स्वारी नाना पेठेत. तिथल्या ओळखीतून आरएक्स १३५ चं सेकंडहँड इंजिन मिळालं. १०० च्या चेसीत १३५ चं इंजिन फार काटछाट न करता बसतं, म्हणून ही अदलाबदल इतकी लोकप्रिय. ९८ सीसी गेलं, १३२ सीसी आलं. आता गाडी उडणार!

उडाली नाही. जुन्या कात्रज घाटात मी मागे बसले होते. दुसरा गिअर, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळलेला, पुढून फट-फट-फट असा आवाज, आणि कांद्याची पोती भरलेला टेम्पो आम्हाला आरामात ओव्हरटेक करून गेला. टेम्पोतला क्लीनर हसला, ते मला अजून दिसतंय.

इंजिन बसवणाऱ्याने निदान केलं, "इंजिनच खराब आहे. उघडावं लागेल, बोअर करून नवा पिस्टन टाकू." म्हणजे सुट्टीतली उरलीसुरली कमाईही साफ. तुमच्यावर ही वेळ आली तर इथेच थांबा. इंजिन उघडायच्या आधी बघण्यासारखं बरंच काही असतं आणि त्यातलं बहुतेक फुकटात बघता येतं. (मी मास कॉमची. महिन्याभरापूर्वी मला बेंड पाईप आणि सायलेन्सर यातला फरकही माहीत नव्हता. मला जमलं, तुम्हालाही जमेल.)

आधी तो फट-फट आवाज. सिलिंडर आणि बेंड पाईप जिथे जुळतात तिथे एक पॅकिंग रिंग असते. ती दबली, फाटली किंवा जुनीच परत वापरली की धूर तिथूनच निसटतो. फोर स्ट्रोक गाडीत याने आवाज वाढतो, ॲक्सिलरेटर सोडल्यावर फटाके फुटतात. टू स्ट्रोकमध्ये मात्र थेट ताकदीवर घाला येतो. कारण टू स्ट्रोकचा सायलेन्सर नुसती धूर सोडणारी नळी नसते. त्याच्या आत रुंद होत जाणारा आणि पुन्हा निमुळता होणारा भाग असतो. सिलिंडरमधून सुटलेली दाबाची लाट रुंद भागात पोचली की मागे ओढ निर्माण होते आणि जळलेला वायू भराभर बाहेर खेचला जातो. तीच लाट निमुळत्या टोकावर आपटून परत फिरते आणि बाहेर निसटू पाहणारं ताजं पेट्रोल-मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. आरएक्स एका ठरावीक स्पीडनंतर जी अचानक 'सुटते' ना, त्यात या लाटेचा मोठा वाटा आहे. सुरुवातीलाच फट असेल तर लाट अशक्त होते.

गळती शोधायची कशी? गाडी थंड असताना जोडावर साबणाचं पाणी लावा आणि लगेच किक मारा. जिथे बुडबुडे, तिथे फट. काळे तेलकट डाग दिसले तर साबणाचीही गरज नाही. पण हे उघड्यावर करा. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये किंवा शटर ओढलेल्या गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि डोकं जड झालंय हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

आमच्याकडे बुडबुडे आलेच. पॅकिंग बदललं. तीन दिवसांत पुन्हा फट-फट. पुन्हा बदललं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मित्राच्या आजोबांच्या ओळखीचे एक म्हातारे मिस्त्री आले. त्यांनी पॅकिंगकडे पाहिलंसुद्धा नाही. ते खाली वाकले आणि फूटरेस्टजवळचा सायलेन्सरचा बोल्ट काढला. टण्ण! पाईप अर्धा सेंटीमीटर बाजूला उडाला.

"पोरा, पायाने दाबून बसवलाय हा. गाडी हलली की सगळा ताण पुढच्या पॅकिंगवर. ते बिचारं किती दिवस टिकणार?"

जुना पाईप नव्या इंजिनाला जोडताना हे हमखास होतं. म्हणून क्रम लक्षात ठेवा. पुढचे नट आधी हाताने फिरवा, पाना लावू नका. मग मागचं भोक आपसूक जुळतंय का बघा. जुळत नसेल तर वॉशर टाका किंवा पट्टी बदला, पण जोर करू नका. मग पुढचे नट आलटून-पालटून थोडेथोडे आवळा, मागचा बोल्ट शेवटी. गाडी एकदा तापून थंड झाली की पुढचे नट पुन्हा तपासा.

आवाज बंद झाला. आम्ही चहा प्यायलो, खुशीत कात्रजला गेलो. आणि पिकअप? थोडा सुधारला, पण १३५ चा नव्हे. चढावर इंजिन अजूनही गुदमरत होतं.

मिस्त्री म्हणाले, "आवाज बंद झाला म्हणजे रोग गेला असं नाही. प्लग काढ." प्लगच्या आतली चिनीमाती पांढरीफटक होती. ती बिस्किटासारखी तपकिरी हवी. काळी आणि ओली असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त होतंय. पांढरी म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. एक कारण जेटचं असू शकतं. ९८ सीसीला लावलेला कार्बोरेटरचा जेट १३२ सीसीला पुरेलच असं नाही. दुसरं कारण म्हणजे इंजिन कुठून तरी चोरून हवा घेतंय.

त्यांनी गाडी स्लोवर ठेवली आणि कार्बोरेटर व सिलिंडरमधल्या रबरी जोडावर कार्ब क्लीनरचा छोटा फवारा मारला. (हा फवारा पेट घेतो. तापलेल्या बेंड पाईपपासून लांब, आणि जाणता माणूस सोबत असतानाच.) स्लोचा आवाज लगेच बदलला. रबर काढून वाकवलं, तर खालच्या बाजूला नखाएवढी चीर. वरून दिसणं शक्यच नव्हतं.

इथे मित्राचा चेहरा उतरला. कारण मिस्त्रींनी पुढचं सांगितलं. हवा जास्त मिळाली की इंजिन प्रमाणाबाहेर तापतं. टू स्ट्रोकमध्ये पिस्टन फुगून सिलिंडरला चिकटतो आणि मागचं चाक जागच्या जागी अडतं. हायवेवर, ऐंशीच्या स्पीडला. आम्ही दोघं त्याच आठवड्यात लोणावळ्याला जायचं ठरवत होतो. तेव्हा, अशी गाडी अचानक गुदमरली तर आधी क्लच दाबा, मग बाकीचं.

रबर नवं आलं, जेट एक नंबर मोठा बसला, प्लग बिस्किटी झाला. इंजिन उघडावं लागलंच नाही.

आता न आवडणारा भाग. आरसी बुकात इंजिन नंबर आणि सीसी दोन्ही लिहिलेले असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार त्यात परस्पर बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनीही हेच कागद बघणार. आमच्या मित्राने हे सगळं गाडी बसवून झाल्यावर वाचलं. तुम्ही नाना पेठेत जायच्या आधी आरटीओत विचारा.

सध्या गाडी पार्किंगमध्ये झाकून उभी आहे. जुनं ९८ सीसीचं इंजिन बोअर करून परत बसवायचं, की आरटीओच्या पायऱ्या चढायच्या, यावर घरात चर्चा चालू आहे. मामाला अजून कुणी काही सांगितलेलं नाही.