लेबलावरची उगवण

मृगाचा पाऊस झाला की जळकोटच्या कृषी सेवा केंद्रांत सोयाबीनच्या पिशव्यांची थप्पी लागते. त्यातली एखादी अकोल्याची असते, एखादी मध्य प्रदेशातून आलेली. लातूर-नांदेडच्या या पट्ट्याला उदगीरकडून कर्नाटक जवळ, देगलूरकडून तेलंगणा. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, राज्यांच्या सीमांवरचे विक्रीकराचे नाके उठले आणि बाजार देशभर एक झाला. बियाण्याची तपासणी मात्र राज्याराज्यांत वाटलेलीच राहिली. निरीक्षक राज्य सरकार नेमते आणि त्याची हद्दही तेच ठरवते. ट्रकला सीमा उरली नाही, निरीक्षकाला आहे.

या कारभाराचा पाया १९६६ चा बियाणे कायदा. त्याची रचना पाहिली की पुष्कळ गोष्टी उलगडतात. अधिसूचित वाणाच्या पिशवीवर लेबल सक्तीचे, पण प्रमाणीकरण ऐच्छिक. निळी खूणचिठ्ठी असेल तर प्रमाणीकरण यंत्रणेने शेतात जाऊन बीजोत्पादन पाहिलेले असते. सत्यप्रत बियाण्याच्या बाबतीत कंपनीच स्वतःची साक्षीदार. सोयाबीनसाठी किमान उगवण ७० टक्के हवी, हा नियम दोघांनाही लागू. तो मोडला तर मूळ कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड पाचशे रुपयांपर्यंत! एका पिशवीची किंमतच त्याच्या कितीतरी पट. १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशाने विक्रीला परवाना लागू झाला आणि जीवनावश्यक वस्तू कायद्याचा धाक आला, तेव्हा कुठे कारवाईला थोडे वजन आले.

सोयाबीनचे दाणे तसे नाजूक. साल पातळ, मळणी यंत्राचा वेग जास्त असला किंवा हमालाने पिशवी वरून आदळली तरी आतला अंकुर दुखावतो, आणि वरून दाणा टपोराच दिसतो. म्हणजे गोदामात काढलेल्या नमुन्यात उगवण ७५ टक्के असली तरी दुकानापर्यंत ती तेवढीच राहील याची हमी नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये काढणीच्या तोंडावर पाऊस झाला, बियाण्याच्या शेतातला मालही भिजला. त्याची फळे २०२० च्या खरिपात दिसली. मराठवाड्यात न उगवलेल्या सोयाबीनच्या तक्रारींची रीघ लागली. सरकारी महाबीजपासून खासगी कंपन्यांपर्यंत सगळ्यांची नावे त्यात होती, आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होण्याआधी पेरले किंवा खोल पेरले तरी बी उगवत नाही, हे कंपन्यांचे म्हणणेही खोटे नव्हते. खरे कोणते, हे ठरवायला तक्रार निवारण समिती बांधावर येते आणि पंचनामा करते. पण तोवर शेतकऱ्याने रान मोडून दुबार पेरलेले असते.

निरीक्षक नमुन्याचे तीन भाग करतो. एक विक्रेत्याला, एक प्रयोगशाळेला, एक राखून. मराठवाड्यातली सरकारी प्रयोगशाळा परभणीला. सोयाबीनची उगवण चाचणीच आठ दिवसांची. त्यात कोणालाही घाई करता येत नाही. त्यापुढे नमुन्यांची रांग, टपाल, अहवाल. निरीक्षक विक्री थांबवू शकतो, तीही एका वेळी जास्तीत जास्त तीस दिवस. एवढ्यात पेरणीचा हंगाम उलटतो. म्हणून हंगामात छापे घालणारी भरारी पथके मला तरी देखाव्याचाच भाग वाटतात. जे काही तपासायचे ते एप्रिल-मेमध्ये, गोदामात.

शेतकऱ्याला मोठा आधार मिळाला तो जानेवारी २०१२ मध्ये. राष्ट्रीय बियाणे महामंडळ विरुद्ध मधुसूदन रेड्डी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की शेतकरी हाही ग्राहकच. घेतलेले सगळे बी पेरणारा माणूस चाचणीसाठी नमुना बाजूला ठेवेल, ही अपेक्षा न्यायालयाने नाकारली. मात्र पक्की पावती आणि लेबलासह रिकामी पिशवी अजूनही लागतेच, आणि उधारीवर पिशवी नेणाऱ्याला पक्की पावती मागायचा संकोच वाटतो.

युरोपातही अडचण अशीच आहे: बाजार एक, तपासनीस देशोदेशीचे. २००८ च्या नियमाने तिथे प्रत्येक देशात अधिमान्यता देणारी एकच संस्था ठेवली आणि तिचा शिक्का इतरांनी मानायचा असे ठरले. खाद्यपदार्थांसाठी धोक्याची सूचना एकमेकांना देण्याचे जाळेही आहे. सप्टेंबर २०२० मध्ये बेल्जियमने भारतीय तिळात इथिलीन ऑक्साइड सापडल्याचे कळवले. मग देशोदेशी दुकानांतून माल परत घेतला गेला आणि पुढच्याच महिन्यात भारतीय तिळाच्या निम्म्या खेपा तपासायचे ठरले. परभणीत नापास झालेल्या लॉटची बातमी शेजारच्या बिदरच्या दुकानदाराला इतक्या वेगाने मिळते का?

आपल्याकडे एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने ‘साथी’ पोर्टल आणले. पिशवीवरच्या क्यूआर कोडवरून बियाण्याचा माग लागावा, ही कल्पना. त्याच वर्षी राज्यात बोगस निविष्ठांवरची कडक विधेयके मांडली गेली आणि नोव्हेंबरमध्ये विक्रेत्यांनी दुकाने बंद ठेवली. बंद पिशवीतल्या मालासाठी आम्हाला तुरुंग का, हा त्यांचा सवाल रास्त होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा लोकांसमोर ठेवला. त्यात दंड लाखांत गेला आहे आणि कंपन्यांना केंद्रीय अधिमान्यतेची सोयही आहे. कंपन्यांचे काम त्याने हलके होईल. पण मान्यता दिल्लीत मिळणार असेल, तर जळकोटमधल्या पंचनाम्यावरून ती थांबवायचा अधिकार आणि तो लॉट त्याच दिवशी सगळ्या राज्यांच्या पडद्यावर लाल करायची सक्ती, या दोन्ही गोष्टी कायद्यातच लिहिलेल्या हव्यात.