म्हशीचा पान्हा आणि पैलवानाची गोळी

ऊस पाहणीसाठी बिद्रीच्या शिवारात गेलो होतो. बांधावर एका शेतकऱ्याने पिशवीतून डबी काढली. मुलगा कोल्हापूरला तालमीत आहे, वय अठरा. "साहेब, यानं उंची वाढते नि अंग भरतं म्हणतोय. उसाच्या बिलातनं पैसे दिलेत. जरा वाचून बघा."

नाव होते इब्यूटामोरेन. खाली बारीक अक्षरात लिहिले होते, 'केवळ संशोधनासाठी.' कीटकनाशकाची बाटली आपण वाचून घेतो, मग पोटच्या पोराच्या तोंडात जाणारी डबी का वाचू नये?

मी डॉक्टर नाही, पण हे गणित शेतकऱ्याला चटकन समजेल. रेडकू कासेला लागले की म्हैस पान्हा सोडते. दूध म्हशीचेच, रेडकू फक्त इशारा देते. आपल्या मेंदूखाली वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिच्यात वाढीचे संप्रेरक तयार होते आणि मेंदूचा इशारा आला की ते रक्तात सुटते. हा इशारा देणारा रस १९८२ साली अमेरिकेत शोधला गेला. पुढे त्याच्यासारखे औषध सर्मोरेलिन निघाले. ग्रंथी काम करते की नाही हे तपासायला आणि काही खुज्या मुलांच्या उपचारालाही ते तिकडे वापरले गेले. २००८ साली त्याचे उत्पादन थांबले. ग्रंथीच कोरडी असेल तर इशाऱ्याचा उपयोग नाही. भाकड म्हशीला रेडकू लावून काय मिळणार? अशा मुलांना प्रत्यक्ष संप्रेरकाचीच इंजेक्शने देतात, तीही तपासण्या करून.

डबीतली गोळी याच जातीची, इशारा देणारी. पण उपचारासाठी तिला मान्यता मिळालेली नाही. तिने भूक वाढते, अंगावर सूज येते, रक्तातली साखर चढते. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांवरची तिची एक चाचणी काहींत हृदय कमजोर पडल्याची लक्षणे दिसल्याने मध्येच थांबवावी लागली. उंचीचे म्हणाल, तर हाडांची टोके एकदा जुळली की माणूस उंच होत नाही. मग जादा संप्रेरकाने वाढतात ते पंजे, पावले आणि जबडा.

शिवाय कुस्तीत ही उत्तेजके बारमाही बंद आहेत. लघवीच्या तपासणीत सापडला तर पोरगा काही वर्षे आखाड्याबाहेर. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक आणले, तेव्हा ही गोळी जगात नव्हती.

शरीराचा स्वतःचा पान्हा सुटतो तो मुख्यतः रात्रीच्या गाढ झोपेत, आणि मेहनतीने. मुलगा रात्री किती वाजता झोपतो, असे मी विचारले. बापाने मोबाईलकडे बोट दाखवले.

धाकटी नातही वर्गात सर्वांत बुटकी आहे, असे तो जाता जाता म्हणाला. तिची उंची दर सहा महिन्यांनी चौकटीवर खुणेने मांडा, असे सांगितले. पाच वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटीमीटर वाढते. त्याहून कमी दिसले तर तिला बालरोगतज्ज्ञांकडे न्या, आणि लवकर न्या.

डबी त्याने माझ्याकडेच दिली. ती अजून कपाटात आहे.