रोजच्या रस्त्यावरची छायाचित्रे

लोणावळ्याची बहुतेक छायाचित्रे भुशी धरण, टायगर पॉइंट, लोहगड अशा ठरावीक ठिकाणांची असतात. बाजारपेठ, रेल्वे स्थानक, चिक्कीची दुकाने, जुन्या बंगल्यांच्या शेवाळलेल्या भिंती यांच्याकडे कॅमेरा क्वचितच वळतो. या जागांमध्ये सौंदर्य कमी नसते. रोज पाहून त्या नजरेआड झालेल्या असतात. चौकटीत काय ठेवायचे आणि काय वगळायचे हे ठरवताना मात्र प्रत्येक वस्तू नव्याने पाहावी लागते. छायाचित्रणाचा मोठा लाभ हाच.

कामाधामाच्या जागेकडे कॅमेरा वळवण्याची या परिसरातली परंपरा जुनी आहे. बोरघाटातील रेल्वेमार्गाचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये मरण पावले, तेव्हा त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी ते काम पुढे चालवले आणि बांधकामाची छायाचित्रेही काढली. हा मार्ग १८६३ मध्ये सुरू झाला.

पावसाळा हा इथला सर्वांत अनुकूल काळ. ढगाळ आकाशातून येणारा प्रकाश सगळीकडे सारखा पसरतो. गडद सावल्या नसल्याने मंगलोरी कौले, गंजलेले पत्रे, ओल्या छत्र्या यांचे रंग खुलतात. न्यूयॉर्कचे सॉल लायटर (१९२३–२०१३) यांनी आपल्या घराच्या आसपासच्या रस्त्यांवर अनेक वर्षे अशीच चित्रे टिपली. वाफ धरलेल्या काचा, पाऊस, बर्फ आणि छत्र्या हे त्यांचे आवडते विषय होते. लोणावळ्यात बर्फ सोडला तर हे साहित्य जूनपासून दारातच असते.

धुक्यात मात्र कॅमेरा फसतो. समोरचा पांढुरका उजेड त्याला जास्त वाटतो आणि चित्र मळकट, करडे येते. अशा वेळी एक्सपोजर थोडे वाढवावे. मोबाइलवर बोटाने फोकस ठरवून उजेडाची पट्टी वर सरकवली तरी पुरते. पावसाचे थेंब स्पष्ट हवे असतील तर शटरचा वेग १/५०० सेकंद किंवा त्याहून अधिक ठेवावा. १/६० च्या आसपास त्याच थेंबांच्या रेषा होतात. दिवेलागणीला ओल्या रस्त्यावर दुकानांचे दिवे उमटतात, तेव्हा कॅमेरा जमिनीलगत धरल्यास प्रतिबिंबे ठळक येतात. दमट हवेत भिंगावर बुरशी धरते, म्हणून कॅमेरा पुसून, सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात ठेवावा.

लोणावळ्याहून पुण्याकडे जाणारी लोकल मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव अशी मावळ तालुक्यातून धावते. फलाटावरचे दुधाचे कॅन, भाजीच्या पाट्या, खिडकीतून दिसणारी भातखाचरे आणि त्यांच्या कडेला उभ्या राहणाऱ्या नव्या इमारती असे गाव आणि शहर या दोन्ही जगांचे चित्र इथे एकाच चौकटीत मिळते. भातलावणी करणाऱ्या बायका किंवा फलाटावरचे विक्रेते यांचे छायाचित्र जवळून घ्यायचे असेल, तर आधी त्यांची परवानगी घ्यावी. दोन शब्द बोलल्यावर माणसेही मोकळी होतात.

सुरुवात एकाच गल्लीपासून करावी. तिथे सकाळी, भर पावसात आणि दिवे लागल्यावर पुन्हा पुन्हा जावे. प्रत्येक चित्रासोबत तारीख आणि जागा अवश्य नोंदवावी. कौलारू घरे आणि भातखाचरे जिथे झपाट्याने बदलत आहेत, तिथे आजचे साधे छायाचित्र उद्या गावाच्या इतिहासाचा पुरावा ठरते.