डिंकाशिवायची चिकटवही

‘स्क्रॅपबुक’ला आपल्या मराठीत ‘चिकटवही’ असा मोठा झकास शब्द आहे. इंग्रजी शब्दात नुसते तुकडे दिसतात, आपल्या शब्दात डिंक दिसतो. अमेरिकेत मार्क ट्वेनने १८७३ साली, पानांना आधीच डिंक लावलेल्या चिकटवहीचे पेटंट घेतले होते. पान ओले केले की कात्रण चिकटे. आता वही संगणकावर होते आणि डिंक व पाणी दोन्ही हद्दपार झाली आहेत!

गेल्या वर्षी माझ्या आत्याचे सहस्रचंद्रदर्शन झाले. तिच्या आयुष्याची अशी एक चिकटवही करून छापून घ्यावी असे घरात ठरले आणि ‘मराठीच्या बाई, म्हणजे हिला सवड असणारच’ या न्यायाने काम माझ्याकडे आले. त्या दोन महिन्यांत जे हाती लागले, ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगते.

पहिला प्रश्न साहित्याचा. इंटरनेटवर पार्श्वभूमीचे कागद, चौकटी, फिती, फुले, अक्षरे यांचे संचच्या संच मिळतात. काही विकत, काही फुकट. फुकटाचे पाहून हात आवरत नाही आणि चार दिवसांत संगणकाची अवस्था लग्नघरातल्या सामानाच्या खोलीसारखी होते. यावरचा उपाय आपल्या स्वयंपाकघरातच आहे. मोहरी, हळद, तिखट, जिरे मिसळणाच्या डब्यात, बाकीचे फडताळात. तसे नेहमी लागणारे साहित्य एका फोल्डरात ठेवावे आणि त्यात कागद, चौकटी, नक्षी, अक्षरे अशा निरनिराळ्या वाट्या कराव्यात. उरलेले संच आपापल्या नावानिशी फडताळात जावेत. नक्षीची फाईल पारदर्शक पार्श्वभूमीची, ‘पीएनजी’ जातीची पाहून घ्यावी. ‘जेपीईजी’ जातीचे फूल पानावर ठेवले की आपल्यामागचा पांढरा चौकोनही घेऊन येते. संचाबरोबर वापराच्या अटी येतात, त्या टाकून देऊ नयेत. पुष्कळसे साहित्य घरगुती वापरापुरतेच दिलेले असते.

मग फोटो. फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा आणि पुढे प्रसंग. दिवस आधी लिहिला, तर साऱ्या महिन्यांच्या पहिल्या तारखा एकत्र गोळा होतात आणि बारशाच्या आधी मुंज येते! जुना फोटो स्कॅन करताना हात आखडता घेऊ नये. छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. दोन इंच बाय तीन इंचांचा फोटो इंचाला ६०० ठिपक्यांनी स्कॅन केला, तर तो चार बाय सहा इंच एवढा स्वच्छ छापता येतो. नातेवाइकांकडून फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असे आवर्जून सांगावे. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो वाटेतच वाळून येतो.

पान मांडायचे शास्त्र तर आपल्या आयाबहिणींना ठाऊकच आहे. ठिपक्यांची रांगोळी काढणारी बाई आधी ठिपके देते, मग रेघ ओढते. बारा इंची चौरस पान म्हणजे ३६०० बाय ३६०० ठिपके. त्यावर तीन उभे, तीन आडवे भाग कल्पावेत आणि फोटो त्या रेघांच्या आधाराने बसवावेत. एका पानावर यजमान फोटो एकच, बाकीचे पाहुणे. रंग बाहेरून आणू नये, फोटोतल्याच साडीच्या काठाचा उचलावा. चौकटींच्या सावल्या एकाच बाजूला पडाव्यात. एका पानावर दोन सूर्य उगवू नयेत. देवनागरी मजकुराला ओळींमध्ये जरा ऐसपैस जागा द्यावी, नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. आणि थोडी जागा रिकामी राहू द्यावी. भरलेल्या ताटातही वाटीभोवती जागा असतेच की!

एवढे सगळे जमले तरी वही मुकीच राहते. आमच्याकडे १९६२ सालचा हळदीकुंकवाचा एक फोटो निघाला. सातजणी ओळीने उभ्या. माझ्या भाच्याने तो एका नव्या यंत्रयुक्तीने रंगीत केला. आत्याने चष्मा सारखा केला आणि म्हणाली, “छान केलंस रे, पण माझी साडी निळी नव्हती, हिरवी होती.” यंत्र रंग अंदाजाने भरते. मूळ फोटो जसाच्या तसा वेगळा जपून ठेवायचा तो याचसाठी.

आत्याने सहाजणींची नावे भराभर सांगितली. सातवीपाशी बोट थांबले. बराच वेळ ती त्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. “हिची आई पापड फार सुरेख करायची गं... पण हिचं नाव काय बाई?” ते काही आठवले नाही, आणि विचारावे असे दुसरे कोणी आता उरलेले नाही. फोटोखाली सहा नावे आली आणि सातव्या जागी आम्ही छापले: ‘जिची आई पापड सुरेख करी ती.’ साऱ्या वहीत आत्याचे बोट फिरते ते अजून त्याच ओळीवर.

फुले, फिती, चौकटी पुढच्या वर्षीही मिळतील. नावे सांगणारी माणसे मिळतील असे नाही. म्हणून चिकटवहीचे पहिले साहित्य नावे, आणि ती सर्वांत आधी गोळा करावीत. वडीलधाऱ्यांचे बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करावे. फोटोच्या पाठीवर बॉलपेनाने नव्हे, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे. तेच नाव फाईललाही द्यावे. सगळ्याच्या तीन प्रती ठेवाव्यात, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर, बहिणीकडे वा भावाकडे.

दिवाळीत घर भरलेले असते. फराळाची ताटे उचलली की जुन्या फोटोंचा डबा खाली काढा आणि घरातल्या सर्वांत वडील माणसापुढे ठेवा. सजावटीचे काय, ती तुळशीच्या लग्नानंतर सावकाश करता येईल.