स्किझोफ्रेनिया: गप्प बसलेल्या मुलाकडेही बघा

शिबिरात बीपी-शुगर तपासून झालं की एखादी आई मागे रेंगाळते. गर्दी पांगल्यावर हळूच म्हणते, "ताई, पोरगा एकटाच बोलतो." कधीपासून? "महिना झाला." पण आम्ही खोदून विचारलं की कळतं, बदल वर्ष-दोन वर्षांपूर्वीच सुरू झाला होता. कॉलेज सुटलं, मित्र सुटले, आंघोळ सुटली, रात्रीची झोप गेली. घरच्यांनी त्याला आळशी, कामचोर ठरवलं. आजार तेव्हाच धरला तर पुढचं बरंच नुकसान टळतं.

स्किझोफ्रेनिया हा मेंदूचा आजार आहे. हजारातल्या साधारण तीन ते सात माणसांना तो आयुष्यात कधीतरी होतो, बहुधा ऐन तारुण्यात. मुलींमध्ये थोडा उशिरा दिसतो. कानात आवाज येतात. कुणी शिव्या देतं, कुणी हुकूम सोडतं. शेजारी जेवणात विष कालवतात, टीव्हीवरचा माणूस आपल्याबद्दलच बोलतो, अशी पक्की खात्री वाटते. हे आवाज त्याला खरोखर ऐकू येतात. म्हणून "काय नाटक लावलंय" म्हणू नका. "मला ऐकू येत नाही, पण तुला त्रास होतोय हे दिसतंय," एवढं म्हणा.

होतो कशाने? एकच कारण नाही. मेंदूतल्या डोपामिन नावाच्या रसायनाचा तोल बिघडतो. आनुवंशिकतेचा भाग आहे, पण आई किंवा वडिलांना असला तरी दहातल्या साधारण नऊ मुलांना होत नाही. बाळंतपणातल्या अडचणी, कोवळ्या वयातला गांजा, सततचा ताण यांनी धोका वाढतो. गांजाचं आम्ही मुद्दाम सांगतो, कारण नाक्यावर तो "साधी नशा" म्हणून चालतो. आईच्या वळणामुळे हा आजार होत नाही. करणीमुळे तर नाहीच. देव्हारे काढलेल्या आपल्या घरांतूनही रात्री गुपचूप भगताकडे जाणारे आहेत, हे आम्ही पाहतो. भूत काढायच्या नावाखाली साखळीने बांधणं, मारणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आणि लग्न हे औषध नव्हे. त्यात दुसऱ्याची मुलगी होरपळते.

उपचार आहेत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथे सरकारी मनोरुग्णालयं आहेत. 14416 या टेली-मानसच्या मोफत नंबरवर मराठीत बोलता येतं. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. हात थरथरले, अंग आखडलं, वजन वाढलं तर डॉक्टरांना सांगा, औषध बदलता येतं. बरं वाटलं म्हणून मनाने बंद केलं की आजार बहुतेकदा उलटतो. गोळी घेतच नसेल तर काही आठवड्यांतून एकदा द्यायचं इंजेक्शनही मिळतं.

आवाज "मर" किंवा "मार" म्हणत असतील तर ओपीडीच्या वाराची वाट पाहू नका. त्याच रात्री सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत न्या, आणि तोवर त्याला एकटं सोडू नका.